कधीच नसलेलं गवतकापणी मशीन

वेब्लर, बुधवार

ती. व्हर्नाताईस,

धाकट्या डेल्मरचा वेब्लरहून वाकून नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? टुसॉनच्या कोरड्या हवेत सांधे मोकळे होतात असं ऐकतो, तेव्हा आता जिने चढत असशील. इकडे माझी तब्येत उत्तम. अंगणातल्या गवताचीही उत्तम आहे, ते गुडघ्याला लागलंय (माझ्या, तुझ्या नव्हे). पत्र लिहायचं कारण तेच.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारी 'क्लॅरियन'च्या पहिल्या पानावर आपल्या कॉलेजच्या रानकोंबडे फुटबॉल संघातला कोडी स्ट्रॉबेल छापून आला. (समोरून येणाऱ्याला अडवतो तो, दीडशे किलोचा. गेल्या वर्षी ग्रँथम कॉलेजच्या तिघांना त्याने एकट्याने बसवलं होतं. आपण तरी हरलो, ते सोड.) फोटोत तो भर संध्याकाळी एका नारिंगी मशीनवर बसून, गाडीतून बर्गर घ्यायच्या खिडकीपाशी रांगेत उभा आहे. खाली बातमी, की हे गवत कापायचं मशीन कोडीने डेल्मर हचेन्स यांच्या शेडमधून नेल्याचा आरोप आहे आणि नंतर ते कॉलेजमागच्या ओढ्यात उलटं सापडलं.

ताई, तुझ्यापासून काय लपवायचं? शेडचं दार उघडं होतं आणि आत मशीन नव्हतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण 'क्लॅरियन'ने छापलंय म्हटल्यावर मी विचारात पडलो, की मशीन मुळात होतं का? कारण कोचचा नियम साधा आहे. मालकाने तक्रार केली किंवा पोराने कबूल केलं, तर पोरगा शनिवारी ग्रँथमविरुद्ध बाकावर. सात वर्षं ग्रँथमवाले आपल्याच मैदानावर येऊन आपली पिसं काढून जातायत. कोडीशिवाय आठवं वर्ष ठरलेलंच. तेव्हा मालक नसलेला बरा, असं मी ठरवलं.

लगेच मार्व्ह पेल्कीच्या केस कापायच्या दुकानात सगळे जमलो आणि फोटो भिंगाखाली घेतला. मार्व्ह म्हणाला, "हा आपला कोडी नव्हेच. आपला एवढा सडपातळ कुठंय?" मागून कुणीतरी म्हणालं, हातात बर्गर दोनच आहेत, कोडी सहाच्या खाली येत नाही. मग मशीनचा विषय निघाला. आता ते मशीन ऑरव्हिलदाजींनी स्वतःच्या हाताने संघाच्या नारिंगी रंगात रंगवलेलं, पुढे पत्र्याचा तुरा बसवलेला, आणि दाजी गेल्यावर मी अकरा वर्षं दर मिरवणुकीत त्यावर बसून गावाला हात करत गेलेलो. गावानेही अकरा वर्षं मला उलट हात केलाय. पण त्या दिवशी दुकानात एकालाही ते आठवेना. मार्व्हच्या भिंतीवर त्या मशीनचा फोटो होता, तो मार्व्हने कॅलेंडर टांगून झाकला. राहता राहिली संपादक फिलिस ऑस्ट्रँडरबाई. तिच्या सुनेचा भाऊ ग्रँथमला शिकल्याचं कळलं आणि सगळा उलगडा झाला.

ठरलं, की पेपर बंद. नुसता बंद नव्हे, मॅचआधी पार्किंगमध्ये आपण सॉसेज भाजतो त्या शेगडीत जाहीरपणे जाळायचा. पण वर्गणी बंद केल्यामुळे जाळायला पेपरच कुणाकडे नव्हता. मग रोज दुकानातून विकत घ्यायला लागलो, माणशी तीन तीन. ऑस्ट्रँडरबाईने अंक दुप्पट छापायला घेतलाय म्हणे. शिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हे लोकांना कळायला हवं, म्हणून जाळण्याआधी मार्व्ह पहिलं पान मोठ्याने वाचतो. एवढ्या लक्षपूर्वक गावाने पेपर कधी ऐकला नव्हता. (सॉसेजला शाईचा वास येतो, पण तत्त्वासाठी माणूस खातो.)

त्यात मार्व्हची मावशी वारली. निधनाची बातमी 'क्लॅरियन'मध्ये आली आणि गाव म्हणालं, 'क्लॅरियन'ने छापलंय म्हणजे बाई ठणठणीत असणार. दफनाला पाद्री धरून चौघं होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या नावाने 'लवकर बऱ्या व्हा' असं लिहिलेली दोन कार्डं आली. मार्व्ह दुकान बंद करून आत बसून रडला, पण पेपर काही त्याने सुरू केला नाही.

मग शेरीफचा माणूस आला. बिचारा सज्जन, त्याच्याही गाडीवर रानकोंबड्यांचा झेंडा. त्याने विचारलं, मशीन तुमचं का? मी म्हटलं, कुठलं मशीन? त्याने शेडच्या फरशीवरचा तेलाचा डाग दाखवला, मी तो आधीपासूनच होता म्हणालो. चाकांचे ठसे दाखवले, मी हवामानावर बोलायला लागलो. शेवटी तो गवताकडे बघत म्हणाला, "मग एवढी वर्षं हे कशाने कापायचात, काका?" मी म्हटलं, "कात्रीने." त्याने ते लिहून घेतलं. जाताना माझ्याकडे कात्री आहे का हेही बघून गेला.

आणि काल दुपारी कोडी स्वतः आला. दारात मावेना. मान खाली घालून म्हणाला, "सर, मशीन मीच नेलं. पोरांशी पैज लागली होती. परत आणून ठेवणार होतो, पण ओढ्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही."

मी म्हटलं, "बाळा, पेपरातलं एवढं मनाला लावून घेऊ नये."

"अहो, पण मीच चालवत होतो."

"तुला तसं वाटतंय. रोज उठून छापलं की माणसाला स्वतःबद्दलही खरं वाटायला लागतं."

तो रडायलाच लागला. दीडशे किलोचं माणूस रडतं तेव्हा काय करावं ते मला कुणी शिकवलेलं नाही, मी त्याला टेकायला खुर्ची दिली, ती मोडली. मग त्याने जाकिटातून एक टोपी काढली. सीटखालच्या डब्यात होती म्हणाला, ओढ्यात उतरून शोधली, धुऊन वाळवली. दाजींची कानटोपी, ताई. आत तू शिवलेली त्यांच्या नावाची पट्टी अजून शाबूत. त्याने विचारलं, "ही तुमच्याच घरातली ना?"

मी ओळखत नाही म्हणालो. टोपी घेतली तर मशीन माझं ठरतं, मशीन माझं ठरलं तर शनिवार गेला. तो जाताना टोपी टपालाच्या पेटीवर अडकवून गेला. ती अजून तिथेच आहे. मी टपाल काढायला गेलेलो नाही. मला फार वाईट वाटतंय ताई, आणि हे मार्व्हला सांगता येत नाही.

तर विनंती एवढीच, की शेरीफकडून फोन आला तर ऑरव्हिलदाजींकडे कधीच मशीन नव्हतं असं सांग. दाजींनी माफ केलं असतं, त्यांनीही त्यांच्या काळात ग्रँथमला सहा वेळा जिंकताना पाहिलं होतं.

तुझा,
डेल्मर

ता. क. (शुक्रवार) पत्र टाकायचं राहिलं. कोडी काल आपल्या पायाने 'क्लॅरियन'च्या कचेरीत गेला आणि सगळं कबूल करून स्वतःच्या हाताने पत्र लिहून आला. आज ते पहिल्या पानावर आहे, सहीसकट. मार्व्ह म्हणतो, सही खोटी आहे.

ता. क. दुसरा (रविवार) हरलो. एकतीस-तीन. कोडी पूर्ण वेळ बाकाच्या टोकाला मान खाली घालून बसला होता. घरी आल्यावर मी पेटीवरची टोपी काढून आत आणली. पाऊस लागला होता, स्टोव्हपाशी वाळत घातलीय. तुला पार्सलने पाठवतो. आणि फोन आलाच तर मशीन दाजींचंच होतं म्हणून सांग.

ता. क. तिसरा. खरं काम राहिलंच. तू तिकडून तुझ्या नावाने 'क्लॅरियन'ची वर्गणी भर आणि वाचून झाला की अंक साध्या लिफाफ्यात मला पाठवत जा, वर 'औषधं' असं लिही. सुरुवात शुक्रवारच्या अंकापासून कर. त्यात कोडीने माझ्याबद्दल आणि टोपीबद्दल काहीतरी लिहिलंय म्हणतात. मार्व्ह ते वाचायला लागला आणि चौथ्या ओळीला त्याने पान खाली केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी त्याच्या हातातून पेपर घेऊन सगळ्यांच्या आधी शेगडीत टाकला.