फादरचं नाव

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्हीच नाही. तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

मेंढरं चुलत्याच्या हवाली करून तुम्ही मला सांगोल्याहून सोलापूरच्या या पाद्र्यांच्या, पोरांच्या हायस्कुलात पाचवीला आणलंत. फॉर्म भरताना क्लार्कनं विचारलं, "फादरचं नाव?" सगळे ज्यांना 'फादर' म्हणत होते, त्या पांढऱ्या झग्यातल्या हेडमास्तरांकडं तुम्ही बोट दाखवलंत. "मला काय ठावं? हितंच बसल्यात की, त्यास्नीच इचारा."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, आबा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

हेडमास्तर फादर सलडाणा मात्र हसले नाहीत. त्यांनी उठून तुम्हाला आपली खुर्ची दिली आणि उभ्यानंच तुमचं नाव लिहून घेतलं. "या शाळेत कुणाच्या बापाला हसत नाहीत," एवढंच म्हणाले. ही शाळा अजून त्या एका वाक्यावर चालते.

आज मी इथला हेडमास्तर झालो, झगा न घालणारा पहिलाच. ऑफिसातल्या बोर्डावर आजवरच्या अकरा फादरांची नावं आहेत. त्यांच्याखाली पेंटरनं सकाळी बारावं रंगवलं: शहाजी येडू लवटे.

बघा की आबा, फादरांच्या रांगेत तुमचंबी नाव लागलं.

तुमचा,
शहाज्या