थेक्लाचा चोरकप्पा

बेव्हरहोल्ट, ३ मार्च १९५४

चि. सौ. थेक्ला हीस लुडगरदादाचे अनेक आशीर्वाद.

ब्रेमेनचे मासे खाऊन आपल्याकडच्या धुरी दिलेल्या मांसाची चव विसरलीस की काय? इकडे सर्व क्षेम. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात.

बातमी अशी की, सुतारकीच्या मेस्त्रीपदाच्या परीक्षेसाठी केलेलं माझं ते अक्रोडी मेज नगरपालिका संग्रहालयात ठेवणार आहे. इस्टरनंतर समारंभ आहे आणि चोरकप्पा मी सर्वांसमोर उघडायचा आहे. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. परीक्षकांना चोरकप्पा सापडला नाही की मेस्त्री पास, मग तो उघडून दाखवायचाही नाही. त्यामुळे मला कधी उघडावाच लागला नाही. कळ बसवली तेव्हा तू जवळ होतीस. जरा आठवून लिही.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

लुडगर

ब्रेमेन, ९ मार्च

ती. लुडगरदादा यांस शि. सा. न. वि. वि.

‘जवळ होतीस’ वाचून हसावं की रडावं कळेना. दादा, मी मेजाखाली उताणी पडले होते आणि तू गुत्त्यात बिअर पीत होतास. मेज, कप्पा, कळ, स्प्रिंग, सगळं माझ्या हातचं. आपल्या गावात बाईला परीक्षेला कोण बसू देणार? बाबा म्हणाले, घरातलं काम घरातच राहील. राहिलं! मीही आजवर चकार शब्द काढला नाही, पण मनातून गेलं नाही.

तरी तुझी फजिती मला बघवणार नाही. मधला खण अर्धाच ओढ आणि त्याच्या डावीकडचा नक्षीचा खांब खाली दाब. फक्त त्या सभेत माझं नाव घे. दुसरं काही नको. ह्यांची छाती भरली आहे, म्हणून मला येता येणार नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ असू दे.

थेक्ला

बेव्हरहोल्ट, २६ एप्रिल

चि. सौ. थेक्ला हीस अनेक आशीर्वाद.

समारंभ झोकात झाला. कळ पहिल्या झटक्यात चालली! पण आत तळावर तुझं नाव कोरलेलं निघालं आणि माझी पाचावर धारण बसली. महापौरांनी विचारलं, ही थेक्ला कोण? मी म्हणालो, माझी धाकटी बहीण. सदा माझ्या मागे मागे असायची, म्हणून मायेपोटी तिचं नाव कोरलं. महापौरांच्या पत्नींनी रुमालच काढला. म्हणाल्या, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. पाटीवरही तसंच लिहिणार आहेत: मेस्त्रीने आपल्या लाडक्या बहिणीचे नाव आत जपले.

तुझं नाव घ्यायचं होतं ना? घेतलं की! आता रुसू नकोस.

मायेत खंड नसावा.

लुडगर

ब्रेमेन, १ मे

श्री. लुडगर ब्रॉक यांस,

आपले पत्र पोचले.

ते नाव मी कोरले होते, कारण मेज माझे होते. आपण एवढे तरी खरे बोलाल असे वाटले, ही माझी चूक. रडून झाले आहे. आता फक्त राग आहे.

पाटीवर माझे नाव खुशाल राहू द्या. ‘बहीण’ तेवढे खोडायला सांगा.

थेक्ला