मधाचं बोट आणि आठच्या ठोक्याची गोळी

कात्रप, बदलापूर पूर्व
गुरुवार

ती. आक्कास,

धाकट्या नरेंद्रचा सविनय जय भीम. तुझे गुडघे काय म्हणतात? मागे पाठवलेलं तेल लावतेस, की पाहुण्यांना दाखवायला कपाटात ठेवलंस? फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. आक्का, फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो' म्हणतो (फोन नव्हते तेव्हाही हेच चालायचं). पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं. म्हणून तुझ्या बुद्धभूषणच्या हाती हे मुरबाडला धाडतोय. आमच्या मैत्रेयीच्या बाळासाठी तू मधाची बाटली भरून ठेवली आहेस, हे त्यानेच सांगितलं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही (निदान या पानावर नाही). सगळं क्रमाने वाच. शेवट आधी बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

तर मैत्रेयीला सातव्या महिन्यात बाळंतपणाला आणली आणि आठवड्याच्या आत आमची शीला जिन्यावरून घसरली. पाय प्लास्टरमध्ये. घरात एक गरोदर, एक लंगडी आणि तिसरा मी, ज्याला कुकरची शिट्टी झाली की दार उघडावंसं वाटतं. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्याच्या आशाताई, अनुया त्यांचं नाव, येऊन सांगून गेल्या की पोरीचं रक्त नऊच आहे, लोहाची गोळी रोज द्या. म्हटलं, हे काम माझं! मोरिवलीच्या कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासलाय मी. वही घातली. सकाळी आठच्या ठोक्याला गोळी, लगेच वर माझ्या हातचा कडक चहा, वहीत टिक. पोरगी म्हणायची, "पप्पा, मळमळतंय." मी म्हणायचो, नियम म्हणजे नियम.

महिन्याने रक्त तपासलं तर साडेआठ! माझा पारा चढला. ही गोळ्या थुंकते, अशी माझी खात्री झाली, आणि मी गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी मुळापर्यंत उकरली. एक गोळी सापडेल तर शपथ. पोरगी मात्र हमसून हमसून रडली आणि शीलाने मला असं काही झापलं की प्लास्टर नसतं तर पळावं लागलं असतं. अनुयाताई आल्या, वही पाहिली, अक्षराचं कौतुक केलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, गोळीवर चहा कुणी द्यायला सांगितला?" चहाने लोह अंगी लागतच नाही म्हणे! म्हणजे महिनाभर मी एका हाताने देत होतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेत होतो. कारखान्यातही असंच व्हायचं, कागद पास आणि माल नापास. पण तिथे माल परत भट्टीत टाकता यायचा. इतक्या कमी रक्तावर बाळंतपणात काय होऊ शकतं ते ताईंनी सांगितलं, आणि आक्का, खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी घास उतरला नाही. मी मैत्रेयीला सॉरी म्हटलं. आपल्या घराण्यात बापाने लेकीला सॉरी म्हणायची ही पहिलीच वेळ असावी.

त्या दिवसापासून चहा बंद (माझासुद्धा, शिक्षा म्हणून). जेवणानंतर गोळी, वर लिंबूपाणी. नाचणी, शेवग्याचा पाला, जवळा. उल्हासनगरला बाळाची झबली आणायला गेलो तर गल्ल्यावरचा सिंधी शेठ विचारतो, "साईं, बच्चे के कपडे लेने आये हो, और झोले में इतना नींबू?" त्यालाही मी लोहाबद्दल पंधरा मिनिटं ऐकवलं. त्याने झबल्यांवर एक टोपरं फुकट दिलं, बहुधा मी जावं म्हणून.

मग विहारात गरोदर बायकांची बैठक होती. मैत्रेयीचे पाय सुजलेले, शीला जायबंदी, म्हणून मी गेलो. वीस बाया आणि मी एकटा बाप्या. बाळाला पाजायला कसं धरायचं ते दाखवायला अनुयाताईंनी कापडाची बाहुली काढली आणि नेमकी माझ्याच हातात दिली, कारण बाकी कुणाच्या मांडीवर जागाच नव्हती. काय करतो! धरली. डोकं कोपरात, पोटाला पोट, हनुवटी छातीला. एकतीस वर्षांची तपासणीची सवय, एक चूक निघाली नाही. टाळ्या पडल्या. आता कात्रपच्या भाजीवाल्याही मला 'मास्तर' म्हणतात.

तिथेच ऐकलं की पहिलं पिवळं, चिकट दूध पिळून टाकायचं नसतं, ते बाळाचं पहिलं औषध. आपण बघ, गाईचा चीक मिळाला तर खरवसाचा वास शेजारी जाऊ देत नाही, आणि आईचा तेवढा फेकून देतो! शाणेच म्हणायचे आपण. त्यापुढे ताई आणखी एक गोष्ट बोलल्या, तेव्हा मी खाली मान घातली, कारण डोळ्यांसमोर तू उभी राहिलीस.

बाकी सर्व क्षेम. शीलाचा तुला जय भीम.

तुझा,
नरेंद्र

ता. क. : ती गोष्ट अशी. बाळाला वर्षभर मध द्यायचा नाही, बोटभरसुद्धा नाही. मधातले जंतू तान्ह्या पोटाला सोसत नाहीत, जीवही जाऊ शकतो. सहा महिने तर आईच्या दुधाशिवाय पाणीही नाही. घरातलं प्रत्येक पोर तुझं मधाचं बोट चाटूनच आईकडे गेलंय, हे मी विसरलेलो नाही. मीही त्यातलाच. पण माझ्या पाठचा भाऊ आठ दिवसांत गेला, तेव्हा का गेला हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तुझा दोष नव्हता, आक्का. तू दहा वर्षांची होतीस, मोठ्यांनी सांगितलं ते केलंस. मी तर अडुसष्टाव्या वर्षी गोळीवर चहा पाजला. तेव्हा यंदा ते बोट नको, तुझ्या पाया पडतो.

ता. क. दुसरं : त्या बदल्यात नाव तू ठेव. जावयाची बहीण भांडेल, तिला मी बघतो. आणि बाटली जरूर आण. मी चाटीन.

ता. क. तिसरं : मुलगी झाली, सोमवारी. पावणेतीन किलो. मैत्रेयीचं रक्त सव्वादहा होतं, दोघी ठणठणीत. तासाच्या आत छातीशी लावली, मीच सांगितलं कशी धरायची. तुला कळवलं नाही, कारण तू पहिल्या एसटीने बाटलीसकट आली असतीस आणि तुझ्यासमोर मी 'हो' म्हणालो असतो. आता भूषणकडे पुडा माग. पत्र वाचून होईपर्यंत पिशवी उघडायची नाही, अशी त्याला ताकीद आहे. पेढेच आहेत. मुलीला बर्फी वाटतात, हे मला सांगू नकोस.