बाबांच्या गाडीचं आयडलिंग नीट लावू नये

मी, खाली सही करणारा, मीटरवाल्यांचा धाकटा, उस्तादांच्या गॅरेजात मोटारसायकली दुरुस्त करणारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. उद्या सकाळी मला बेशुद्ध करणार आहेत, तेव्हा शुद्धीतली कामं आजच उरकून घेतो. माझ्यावर कोणी दबाव टाकलेला नाही. इतक्या लांब टाकायला माझं आहे तरी कोण. शाळा सातवीपर्यंत झाली, त्यातही सातवीत मी वर्गात कमी आणि सायकलच्या दुकानात जास्त होतो. अक्षराला हसू नये.

कारण असं की पोटात गाठ आहे. डॉक्टरीणबाई भल्या आहेत. नक्की काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही." हेच वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की त्याचा अर्थ मला पुरता ठाऊक आहे. कधी साधं वॉशर निघतं, कधी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. आणि गिऱ्हाईक बाकावर बसून आपल्या तोंडाकडे बघत राहतं. आता बाकावर मी आहे.

कलम १. गॅरेजच्या मागची खोली घरमालकीणबाईंची आहे, ती मला देता येत नाही. खोलीतली गादी मात्र माझी, ती रंगाऱ्याला द्यावी. रंगारी म्हणजे आमच्याकडे टाक्या रंगवतो तो, माझ्या खोलीतला जोडीदार. खरं तर साक्षीदार म्हणून मी त्यालाच घेणार होतो. पण ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही असं कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने सांगितलं. म्हणून त्याला विचारलं, "साक्ष देतोस की गादी घेतोस?" तो म्हणाला, "गादी." विचार करायलाही थांबला नाही. तरी माझे कपडे धुऊन, घड्या घालून दवाखान्याच्या पिशवीत त्यानेच भरले आहेत, हेही इथे नोंदवतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते दवाखान्याने उरवलं तर ताईचं. मी एका जागी टिकलो असतो तर जास्त उरलं असतं. बेकरीत राहिलो, गोदामात राहिलो, बंदरात जहाजांचा गंज खरवडला. कुठे पाय ठरला नाही. कारण विचारलं तर मला सांगता यायचं नाही. उस्ताद नव्या गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देतात तीच अशी, "हात चांगला आहे, पण ह्याचं आयडलिंग नाही. रेस दिली की पळतो, सोडली की बंद." सगळे हसतात, मीही हसतो. उस्तादांकडे मात्र टिकलो. का टिकलो ते पुढच्या कलमात येईल.

कलम ३. माझी हत्यारं गॅरेजात ठेवावीत. त्यातून दोन वस्तू वगळतो. पहिली, लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर, ज्याचं टोक मी स्वतः कानशीने घासून एका जेटच्या खाचेच्या मापाचं केलं आहे. तो बाबांच्या गाडीच्या कार्बोरेटरबरोबरच राहील. दुसरी वस्तू काडेपेटीत आहे. ती दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना द्यावी. आत सुरीचं तुटकं टोक आहे. कुठली सुरी ते दाजींना कळेल, आणि ताईला तर नक्कीच कळेल, कारण तेव्हापासून ती भाजी बोथट सुरीने चिरते आहे.

ह्याचा खुलासा करणं भाग आहे.

बाबा मीटरवाले होते. घरोघरी जाऊन विजेचे आकडे टिपायचे. त्यासाठी त्यांची एक मोटारसायकल, जी आता कोणी बनवत नाही. रोज सकाळी ती सुरू करून शेडमध्ये तशीच ठेवायचे आणि पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधायचे. आई गेल्यावर आम्हाला उठवायला कोणी नव्हतं, त्या आवाजानेच आम्ही दोघं उठायचो. आता बाबांच्या डोक्यातलं बरंच काही निसटलं आहे. माझं नाव निसटलं, ताईला ते कधी कधी आई समजतात, पण कामावर जायचंय हे काही निसटलेलं नाही. रोज शर्ट खोचून, खिशाला पेन लावून शेडमध्ये जातात. गाडी सुरू झाली की पायरीवर बसून ऐकतात, नाड्या बांधतात, सोडतात, परत बांधतात. मग स्वतःच गाडी बंद करून घरात येतात. कामावरून परत आल्यासारखा त्यांचा चेहरा असतो. हातपाय धुतात, जेवतात, झोपतात. इतकं साधं औषध होतं ते.

मग गाडी उभ्या उभ्या बंद पडायला लागली. रेस दिली की चालायची, सोडली की बंद, म्हणजे आयडलिंग गेलं. जो जेट, म्हणजे बारीक भोकाचा स्क्रू, गाडीला उभ्या जागी पेट्रोल पुरवतो तो चोंदला होता. दाजींनी कार्बोरेटर उघडला, आणि स्क्रूड्रायव्हर सापडेना म्हणून सुरीने जेट फिरवायला गेले. तो जेट पितळेचा, म्हणजे मऊ, आणि खोल भोकात बसलेला. सुरीचं टोक तुटलं, खाच खाल्ली गेली, जेट जागचा हलला नाही. दाजींचा हेतू वाईट नव्हता. बाबा शेजारी उभं राहून रडत होते, ते त्यांना बघवलं नाही. हे सगळं मला कळतं. तरी काडेपेटी द्यावी.

ताईने तसल्याच मापाचा दुसरा, नवा कार्बोरेटर आणून बसवून घेतला. गाडी सुरेख चालली. बाबा पायरीवर बसले, थोडं ऐकलं आणि उठले. म्हणाले, "ही दुसऱ्याची गाडी आहे. ज्याची त्याला देऊन टाका." तेव्हा नवा उतरवून ठेवला आणि मी जुना कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून इथे आणला. हे गॅरेज जुन्या गाड्यांसाठी नावाजलेलं आहे. मी इथे टिकलो तो ह्यासाठी.

कलम ४. कार्बोरेटर माझ्या फळीवर झाकणाच्या डब्यात आहे. रबराचे आणि प्लॅस्टिकचे भाग काढून वेगळे ठेवलेत. आजवर केलं ते असं: पेट्रोलमध्ये भिजवला, क्लीनरमध्ये भिजवला, घरमालकीणबाईंच्या पातेल्यात उकळला (पातेलं नंतर नवीन आणून दिलं), गरम हवा दिली, तेल सोडलं, वरून हलके ठोके दिले. जेट जागचा हलत नाही. वाळलेलं पेट्रोल आट्यांमध्ये डिंकासारखं बसलंय. खाच अगदी काठाला थोडी उरली आहे. एखादा जोर चुकला तर तीही जाईल. म्हणून मी हल्ली स्क्रूड्रायव्हर लावतो, हाताला अंदाज घेतो आणि काढून ठेवतो. पोट दुखायला लागल्यापासून हाताच्या जोराचा भरवसा उरलेला नाही.

माझं काही झालं तर जेट उस्तादांनी काढावा. ड्रिल अजिबात लावू नये. भोकाचे आटे गेले की बाबांचा आवाज कायमचा गेला. कार्बोरेटर पार्सलने पाठवू नये, उस्तादांनी स्वतः घेऊन जावं. बाबांकडे जायला मी दोनदा सुट्टी मागितली आणि त्यांनी दिली नाही. ती त्यांनी आता स्वतः घ्यावी. उस्ताद ह्या कागदाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही हे मला सांगितलं आहे. काम देता येतं का, हे विचारायचं राहिलं.

कलम ५. हे कलम सर्वांत महत्त्वाचं. जेट निघाला, गाडी सुरू झाली, की आयडलिंग नीट लावू नये.

कोणताही मेकॅनिक ते नीट लावणार, मीही लावलं असतं. पण बाबांची गाडी कधीच नीट नव्हती. चार ठोके सरळ, मग एक जरा अडखळायचा, जसं कोणी जिन्यात क्षणभर थांबतं, आणि परत चालू. लहानपणी मी म्हणायचो, "बाबा, ही लंगडते." ते म्हणायचे, "लंगडत नाही रे, श्वास घेते. घेऊ दे." नवा कार्बोरेटर श्वास घेत नव्हता, म्हणून ती गाडी दुसऱ्याची झाली. हे मला इथे आल्यावर उमगलं.

त्यासाठी हवेचा स्क्रू पुरा बसवून मग उघडायचा, आणि जिथे आवाज गोड वाटेल त्याच्या किंचित पुढे जायचं. किंचित म्हणजे किती ते लिहून सांगता येत नाही. ते माझ्या कानात आहे आणि कान कोणाच्या नावाने करता येत नाही. जुना आवाज कोणी टेप करून ठेवला नाही. रोजचा आवाज कोण टेप करून ठेवतो. तेव्हा ताईला पाठमोरी उभं करून ऐकवावं. ती म्हणते तीन ठोके सरळ असायचे, मी म्हणतो चार, त्यावर आम्ही अजून भांडतो. शेवटी बाबांना पायरीवर बसवावं. त्यांनी बुटांना हात लावला की स्क्रू सोडून द्यावा.

कलम ६. ताईस. आज सकाळी फोनवर तू जे बोललीस ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याला घाई कळेल.

"मी रोज सांगते, बाबा, आज सुट्टी आहे. आज म्हणाले, कालही सुट्टी होती, एवढी सुट्टी कोण देतं? आणि लागले किक मारायला. पाय केवढा सुजलाय."

"किकचा दांडा काढून ठेव की."

"काढला होता रे. मग गाडी ढकलत रस्त्यावर न्यायला निघाले. परत लावला."

तू फोन त्यांच्याकडे दिलास. मला त्यांनी गॅरेजवाला म्हणून ओळखलं, तेवढं तरी बरोबर ओळखलं. म्हणाले, "अहो, गाडी कधी देताय? लोक खोळंबलेत माझ्यावाचून." मीटरवाल्यासाठी आजवर कोणी खोळंबलं नसेल. मी म्हटलं, "साहेब, उघडली आहे. एक जेट अडकलाय." ते म्हणाले, "मग काढा." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो. ऑपरेशनचं तुला सांगितलं नाही, ह्या कागदानेच कळलं तर रागावू नकोस. तुला तिथून काही करता आलं नसतं, जसं मला इथून काही करता येत नाही. घरात एक जण तसा पुरे.

कलम ७. सही करायला उस्ताद आले तेव्हा झालं ते पुढे जोडतो. त्यांनी कागद वाचला. कलम चारला थांबले, डबा काढला, लाल स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवला आणि सोडायच्या बाजूला नव्हे, आवळायच्या बाजूला दाब दिला. बारीक टक झालं.

"हलला," उस्ताद म्हणाले.

"उस्ताद, आवळलात तुम्ही. होता त्याहून घट्ट झाला."

"हलला की नाही ते सांग."

"हलला."

"मग झालं. जो हलतो तो निघतो. आज तेलात राहू दे. उद्या तू आत असशील तेव्हा मी इथे काढतो."

मी म्हटलं आत्ताच काढा, माझ्यासमोर. म्हणाले, नाही, तेल मुरू दे, घाईने खाच जाईल. बरोबरच आहे त्यांचं. पुढे कलम पाच वाचलं, दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिले. नंतर पेन मागितलं.

ह्याउपर माझं काही सांगणं नाही. वरील सर्व मी वाचून, समजून, टेबलाला पोट न टेकवता सही केली आहे.

ठिकाण: गॅरेजच्या मागची खोली. दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपार.

लिहून देणार: (सही) मीटरवाल्यांचा धाकटा

साक्षीदार पहिली: (सही) घरमालकीण. चष्मा घरी राहिला होता, वाचून दाखवलं ते ऐकलं. मुलगा शुद्धीत आहे. पातेलं आणून दिलं हे खरं आहे, पण आधीचं चांगलं होतं.

साक्षीदार दुसरा: (सही) गॅरेजवाला. माझ्यासमोर सही केली. जेट मी काढीन, ड्रिल लावणार नाही, कार्बोरेटर स्वतः घेऊन जाईन. कलम पाच मला जमणार नाही. इतक्या वर्षांत मी एकही गाडी जाणूनबुजून बिघडवून लावलेली नाही, माझा हात तसा वळत नाही. ते ज्याने लिहिलं त्यानेच माझ्याबरोबर येऊन करावं. सुट्टी मंजूर आहे.