निशिगंध सुकू नये म्हणून

११ फेब्रु.
सुमनला आज सुरतेला नेलं. ताप उतरतच नाही, किडनीला सूज आहे म्हणतात. मुलगा निलेश गाडी घेऊन आला होता. दवाखान्यात एकच माणूस राहू देतात, तर सूनबाई थांबेल. मला दहावीच्या प्रॅक्टिकलची ड्यूटी.
सकाळी तेवढ्या तापात उठून सु.ने अंगणातला निशिगंध कापला, काचेच्या बरणीत ठेवला. गाडीत बसताना म्हणाली, "मी इसु तवलोंग ह्या फुले सुकाले नको."
ती परत येईपर्यंत सुकू द्यायची नाहीत म्हणे. तापात बोलली असेल. हो म्हटलं.

१३ फेब्रु.
शाळेत गावित मॅडमना विचारलं, विज्ञानाच्या. म्हणाल्या देठ तिरपा कापा, पाणी रोज बदला, चिमूटभर साखर, लिंबाचे थेंब. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. पंख्याखाली नको. पिकल्या फळांजवळ तर मुळीच नको. खालची सुकलेली खुडली की वरच्या कळ्या उमलतात.
"सर, वहिनी नाहीत तर फुलांच्या मागे लागलात?" हसल्या. मीही.
घरातली केळी शेजारच्या मंगलाबाईंना देऊन टाकली.

१५ फेब्रु., रवि.
पॅसेंजरने सुरत. सु. ओळखते, पण बोलणं नाही. सलाइन. मनगट किती बारीक झालंय, माझ्या दोन बोटांत...
मीच सांगितलं, फुलं टवटवीत आहेत. डोळे मिटून घेतले तिने.

१८ फेब्रु.
सकाळी घाईत पाणी बदलायचं राहिलं. शाळेतून आलो तर बरणीत पाणी स्वच्छ. मोरीत देठांचे हिरवे तुकडे, ओले. कुलूप मीच उघडलं. दुसरी किल्ली सु.च्या पर्समध्ये, सुरतेला.
मीच केलं असेल. हल्ली विसरतो.

२० फेब्रु.
मंगलाबाई कुंपणापलीकडून, "मास्तर, वहिनी कवय उनी?"
म्हटलं, कुठे आली? दवाखान्यातच आहे.
"मंग दुपारले घरमा कोन व्हतं? कात्रीना आवाज उना. मी हाक मारी, तर घरमाईन 'हां' उनं. तिनाच आवाज."
चहा घेता का विचारलं. नको म्हणाल्या, पटकन आत गेल्या.

२२ फेब्रु., रवि.
सु. उशीला टेकून बसली. पेज घेतली थोडी. मग आपणहून म्हणाली, "रोज दुपारले डोया लागस. सपनमा घर येस, फुलंसनं पानी बदलस. बरनी भलती गार लागस हातले."
बाहेर आल्यावर सून सांगत होती, नर्सबाई तिच्यावर रागावल्या. वॉर्डात फुलं आणायची नाहीत, किती वास सुटलाय. एकही फूल नव्हतं तिथे.
निघताना सु.ची बोटं हातात घेऊन नाकाशी नेली. पुढचं लिहीत नाही.

२४ फेब्रु.
शेंड्याच्या कळ्यासुद्धा उमलून गेल्या होत्या. आज तिथे नव्या, बारीक, हिरव्या. रोज कापून देठ आखूड व्हायला हवे होते. आहेत तेवढेच आहेत.
गावित मॅडमना मुद्दाम घरी बोलावून दाखवलं. बघत राहिल्या. हात लावला नाही. "सर, टाकून द्या." पाणीसुद्धा न पिता गेल्या.

२५ फेब्रु.
टाकायचं ठरवलं. उकिरड्यापर्यंत पोचलो, फुलं हातात. निलेशचा फोन. आईला एकदम हुडहुडी भरली, दात वाजतायत, डॉक्टरांना बोलावलंय.
तसाच पळत परत. पाणी, साखर, लिंबू. अर्धी साखर खाली सांडली.
तिन्हीसांजेला पुन्हा फोन, उतरला ताप.
योगायोग असेल. नसेल तर नसू दे. ती बरी व्हावी, मला दुसरं काही कळून घ्यायचं नाही.

२८ फेब्रु.
आता बरणीला हात लावत नाही. शाळेला निघताना तांब्याभर ताजं पाणी आणि कात्री शेजारी ठेवतो. परत येतो तर तांब्या रिकामा. सु.चे रिपोर्ट सुधारतायत.
आज दार ओढताना तोंडून निघून गेलं, "येतो गं." नेहमीसारखं. मग उत्तर यायच्या आत कुलूप लावलं.

७ मार्च
सु. घरी! निलेश सोडून लगेच परतला, त्याची कामाची पाळी होती. चौकात होळीची राख अजून तशीच. अंगणापर्यंत सु. स्वतः चालत आली. मंगलाबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पदर लावला.
आत आल्यावर मात्र सु.ने बरणीकडे बघितलंच नाही. भिंतीला धरत, लांबून वळसा घालून गेली. म्हटलं, बघ, सुकू दिली नाहीत. "हां," एवढंच.

८ मार्च, रवि.
दुपारी जेवण झाल्यावर सु. आडवी झाली. मी शेजारी. तिचा हात माझ्या हातात होता, कोमट, नीट माणसाच्या हातासारखा. किती दिवसांनी डोळा लागत होता माझा.
स्वयंपाकघरात कात्री वाजली. थांबून पुन्हा. मग पाणी ओतल्याचा आवाज, बारीक धारेने, सु. ओतते तसा.
उठायला गेलो तर सु.ने मनगट धरलं. जागीच होती. नजर छताला.
"जाऊ नका."
कोण आहे गं?
तोंड माझ्या कानाशी आणून, आत ऐकू जाऊ नये एवढ्या हळू,
"मी घर परत ई गयू, हाई तिले अजून म्हाइत नही."