कागदातली बाई एक वर घालत नाही

५ ऑक्टो., रवि.
आधी रिया आली, धावत, चपला पायात तशाच. मागून आमच्या वन्सं, ह्यांची धाकटी बहीण, साजगावहून रिक्षा करून. हातात केळं नाही की बिस्कीटपुडा नाही, प्रश्नपत्रिका! रिया त्यांची नात, माझ्या नातीच्या, तनूच्याच वयाची. दोघी पाचवीत, दोघी डिसेंबरात त्या निवासी शाळेच्या परीक्षेला बसायच्या. पाचवीत एकदाच बसता येतं, परत नाही. रियाला खोपोलीत क्लास. तनूला मी. मी तिसरी, तीही अर्धी.

चहा उकळेस्तोवर वन्संनी गणित वाचलं. टोपलीत ११० काकड्या, एका गिऱ्हाइकाला दहा, तर गिऱ्हाइकं किती? रिया म्हणाली अकरा. तनू म्हणाली दहा.
"दहा कशी गं?"
"दहावर एक वर घालायची ना आजी. अकराव्याला उरतंय कुठं?"
वन्सं पदर तोंडाला लावून हसल्या. तशा हसल्या की जास्त लागतं. "वहिनी, तुमच्या क्लासला जागा हाय का वो अजून?"

चूक माझीच. कुंभिवलीला हायवेच्या कडेला मी काकडी घेऊन बसते, शनिवारी तनू सोबत. भागाकार तिला तिथंच शिकवला. दहा घेतल्या की एक वर, माझ्या आईपासूनचं आहे. पण खरं सांगू, आतून मला गुदगुल्या होत होत्या. पोरीनं केवढा हिशोब मनात केला! वन्संपुढे तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं ठेवलं.

६ ऑक्टो.
संदीप, तनूचा बाप, कारखान्यातून आला तो भरूनच. वन्संचा फोन गेलेला.
"आत्या म्हणते ते पटतंय मला. यंदा राहू दे. सुट्टी टाकून न्यायचं नि पोर रडत परत यायची."
"यंदा राहू दे म्हंजे? पुढच्या वर्षी सहावीत गेली की कोण बसवतंय?"
"मग क्लास नको होता लावायला?"
"तू नको नेऊस. मी नेते."
"तुला कर्जतच्या पुढं एकटीला जाता येतं का गं आये?"
पोटचा मुलगा. जेवायला वाढलं नाही त्याला, हातानं घेतलंन्. रात्री निजताना पाहते तर सूनबाईनं तनूच्या चारही पेन्सिली तासून ठेवलेल्या.

९ ऑक्टो.
शाळेतल्या बाईंनी तनूला जुने पेपर दिले. आज वीस गणितं. सहा बायका एक शेत चार दिवसांत लावतात, तर बारा बायका किती दिवसांत? मी म्हटलं, बारा जमल्या तर पाच दिवस धर, दोन नणंदा-भावजया निघाल्या तर सहा. तनू हसून लोळली. उत्तर दोन दिवस!
मग मला कळलं. कागदातल्या बायका बोलत नाहीत, तंबाखू मळत नाहीत, पाणी प्यायला बांधावर येत नाहीत. आणि काकडीवाली एक वर घालत नाही. कंजूष जात. तनूला तेवढंच सांगितलं, कागदातली बाई वन्संसारखी धरायची, लिहिलंय त्याच्या वर काही द्यायची नाही. विसात सतरा आली! पोरीला कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालं. (वन्संचं नाव घेतलं ते घरात सांगू नको म्हटलंय.)

१० ऑक्टो.
वन्संचा फोन. "काय वहिनी, फॉर्म मागं घेतला का?"
म्हटलं, "नाय. तुमी घेताय का?"
ठेवला त्यांनी. ह्यांचं म्हणणं, माझ्या बहिणीशी नीट बोलत जा. म्हटलं, ती बोलली की बोलेन.

१२ ऑक्टो., रवि.
वन्सं, रिया, नवी प्रश्नपत्रिका. संदीप घरी. मुद्दामच रविवार धरलेला. दोघींना ओटीवर बसवलं, मध्ये सूप उभं, बघाबघी नको म्हणून. रिया एकोणीस, तनू सोळा. वन्संनी संदीपकडे असं पाहिलं, जसं कोंबडं कापून झालंय.
मी कागद घेतला. चष्मा नव्हता, तरी एक लागलं. १६० मुलं, एका बसमध्ये चाळीस, बस किती? रियानं वाचायच्या आत सांगितलं, चार.
"आणि मुलं १७० असली तर गं बाय?"
"चार."
तनू म्हणाली, "पाच. दहा जणांना काय रस्त्यात सोडायचं?"
"कागदात १७० नाय!" वन्सं उठल्याच. "पोरीला आडवं विचारता? माझ्या माहेरी येऊन मी हे ऐकायचं?"
"सर एकच पेपर परत परत देतात," रिया म्हणाली. खरं बोलली बिचारी, वर दंडाला चिमटा खाल्लान्.
मग एकच गलका. हे म्हणाले गप बसा, त्यांचं कोण ऐकतंय. शेवटी संदीप: "भाऊबीजेला नवा पेपर. दोघींनी न पायलेला. शाळेतल्या बाईंकडनं मी आणतो. तनूला विसात अठरा पडले तर सुट्टी टाकतो नि नेतो. नायतर ह्या घरात परीक्षेचं नाव नाय काढायचं, आये, तू पण नाय."
अठरा. सतराच्या वर ती अजून गेली नाही. मी म्हटलं, कबूल.
रिया चपला घालताना तनूला हळूच विचारत होती, आकडा बदलला की काय करायचं. वन्संनी हात धरून ओढली, पण तनूचं सांगून झालं होतं.
रिक्षात बसून वन्सं म्हणाल्या, भाऊबीज, तेवीस तारीख, गुरुवार, सकाळी दहाला येतो. मी म्हटलं, या.