मेन स्विचचं कुलूप

४ मे २०२५

बाबांनी आज परत मेन स्विच खाली ओढला! ढग कुठे तरी लांब, सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला गुरगुरला, एवढंच. आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद. ती तोंड उघडून धापा टाकतेय आणि मी सिलिंडरची चावी शोधतेय! सिलिंडर फक्त लाइट गेल्यावर वापरायचा. लाइट होती ना! आता तो भरून आणायला हिंगोलीला कोण पळणार? मीच.

वर बाबा अंगणात पहार फेकून आले. लोखंड बाहेर टाकलं की गारा थांबतात म्हणे. सकाळी बुद्धवंदना, दुपारी गारांना पहार!

७ मे

संध्याकाळी बल्ब एकदम पांढराफटक पेटला, मग निखाऱ्यासारखा मंद. शेजारच्या रूपाबाईंचा टीव्ही जळाला. गल्लीच्या डीपीवरची न्यूट्रलची वायर सैल आहे, ती हलली की व्होल्टेज असं चढतं-उतरतं, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. लाइनमनला फोन केला. "बघून राहिलो ना ताई." महिनाभर नुसता बघूनच राहिलाय! मेल्याला आईच्या खाटेशेजारी एक दिवस बसवायला पाहिजे.

११ मे

धम्मदीप दोन दिवसांसाठी पुण्याहून आला. माझा भाऊ तिथे इलेक्ट्रिकचे पॅनल बसवायचं काम करतो. आल्या आल्या अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं. मीटरखालच्या पेटीत, मेन स्विचजवळ, एक डबी बसवली — सर्ज प्रोटेक्टर. लाइटीचा झटका आला की ती जमिनीत सोडून देते. तिला बारीकशी खिडकी आहे, हिरवी. "ताई, लाल झाली की डबी मेली समज. लगेच बदलायची. रोज बघत जा."

बाबा म्हणाले, "एवढीशी डबी आभाळ पेलंल व्हय?"

१२ मे

हिरवी.

१४ मे

परत ओढला! डबी असून! आईचे ओठ निळे पडले. मी ओरडले, "काहून बंद करता? मारायचंय का तिला?" असं बोलायला नको होतं. बोलले.

"मशीन जळालं मंग? माझा न्हाई त्या डबीवर भरोसा."

दुकानातून कुलूप आणून पेटीला ठोकलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. आता ओढा!

१८ मे

आईला शांत झोप लागतेय. बाबा मात्र पेटीसमोर खुर्ची टाकून बसतात. "एकडाव उघडून दाव की. आत काय हाय, बघू दे." नाही उघडली. उघडली की हात घालतील. काल बल्ब परत भडकला, पण मशीनला काही झालं नाही. बघा! काम करतेय ना डबी? हट्टी म्हातारा.

२१ मे

काल मी औंढ्याला मीटिंगला गेले होते. पर्स घेऊन.

दुपारी वादळ सुटलं, न्यूट्रल तुटली. रूपाबाई सांगत होत्या — बल्ब फुटले, मशीन जळालं, पेटीतून धूर, प्लास्टिक वितळून खाली गळतंय. बाबा मला फोन लावत होते. मीटिंगमध्ये फोन बंद! मग त्यांनी अंगणातली पहार उचलली, कुलूप फोडलं, पेटत्या पेटीत हात घालून मेन ओढला. तशाच भाजल्या हातानं आईला सिलिंडर लावला.

आई आहे. घर आहे.

धम्मदीपला फोन केला. "बल्ब भडकला त्या दिवशीच्या झटक्यातच गेली असेल डबी. मशीन वाचवलं, ती मेली. खिडकी लाल कधी झाली, ताई?"

मला माहीत नाही. पेटीला कुलूप होतं.

२३ मे

दवाखान्यातून दुसरं मशीन मिळालं. धम्मदीप नवी डबी घेऊन उद्या पोचतोय.

आत्ता ढग गुरगुरले. बाबा जागचे उठले नाहीत. बांधलेला हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले, आणि हळूच विचारलं, "ओढू का, माय?"

त्यांनी मला शिव्या तरी द्यायच्या होत्या!